राखोलीचं निळं तळं

माझी सून शीतल आकाशातून काढलेल्या फोटोंवर वजाबाकी करते. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते. पुढे कोणी विचारत नाही.

नकाशे बनवणाऱ्या एका लहानशा ऑफिसात तिला तात्पुरतं घेतलं होतं. सिल्वासाभोवतीची तळी फोटोवरून शोधून दे, काम जमलं तर कायम करू, असं साहेबांचं म्हणणं. पोरगी जीव तोडून कामाला लागली. फोडणी देता देता मला सांगायची, "आई, पाणी हिरवा उजेड थोडा तरी परत पाठवतं. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड मात्र गिळून टाकतं. म्हणून हिरव्यातून इन्फ्रारेड वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. उत्तर शून्याच्या वर गेलं की पाणी."

एके दिवशी ती नाचतच घरी आली. राखोलीकडे भलंमोठं तळं सापडलं होतं, जुन्या कुठल्याच नकाशात नसलेलं! माझ्या लेकानं, संजूनं रविवारी गळ काढला, मी मासळीची पिशवी घेतली, आणि निघालो तिघं रिक्षानं.

मोबाईल म्हणाला, आलं तळं. समोर कंपनीचं गेट, आणि आत निळ्या पत्र्याची लांबच लांब शेड.

"काका, इथं तळं कुठंय?" शीतलनं वॉचमनला विचारलं.

त्यानं गळाकडे पाहिलं. "मासे पायजेत? इथं पाईप निघतात, ताई. मीठमसाला लावून बघा, कालवण होईल."

संजू हसून हसून खालीच बसला. शीतलचं तोंड मात्र उतरलं. "आई, मी पत्र्याला पाणी म्हटलं. आता कशाला ठेवतील मला?"

"सांग की, तळ्याला गेट बसवलंय म्हणून," संजू म्हणाला. मी त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि तिला म्हटलं, "झालं ते खरं सांगून टाक, बाई."

पण ती आधी गणिताला बसली. इन्फ्रारेडच्याही पलीकडचा एक उजेड असतो म्हणे. तो पाणी पिऊन टाकतं, पत्रा मात्र परत फेकतो. इन्फ्रारेडच्या जागी तो धरून वजाबाकी केली, तर राखोलीचं तळं गायब! जवळच्या धरणाचं खरं पाणी मात्र जागच्या जागी.

सोमवारी तिनं चुकीसकट सगळं साहेबांना सांगितलं, गेटचा फोटोही दाखवला. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, "इथं शेडच शेड आहेत, उद्या दुसराही फसेल. हे नकाशासोबत लिहा. आणि बाकीची तळीही जाऊन बघायची, तुम्हीच. आजपासून तुम्ही कायम."

आता तळी बघायला तिच्याबरोबर मीही जाते. परवा दुधनीच्या अलीकडे एका तळ्यात लुगडं सावरून गुडघ्यापर्यंत उतरले. शीतल काठावरून ओरडत होती, "आई, घसराल!"

मी म्हटलं, "तू लिही गं. पाणीच आहे."