दुसरी हाक

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. पावसाळ्यात चार-चार दिवस समोरचा गोठा दिसत नाही. अशा धुक्यात माणूस माणसाला हाक मारतो ती दोनदा. पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही, पाऊलही उचलत नाही. कड्यावर आपटून आवाज भलत्याच बाजूनं येतो, हे कारण मला कॉलेजात गेल्यावर कळलं. वाडीत एवढंच सांगतात, की एकदा हाक मारतो तो चकवा आणि दोनदा मारतो तो माणूस.

मी वाडीतला पहिला पदवीधर. हे मी सांगतोच, त्यात लाजायचं काय? मार्गासनीपर्यंत चालत येऊन एसटी धरायची आणि नसरापूरला बदलून भोर, असं कॉलेज केलं. पुढं नसरापुरात एक खोली घेऊन मी आणि कॉलेजातला मित्र व्हिडिओ गेम करायला बसलो. प्रोग्रॅम माझा, चित्रं त्याची. खेळणाऱ्यानं गुराख्याची भूमिका घ्यायची आणि धुक्यात पांगलेली गुरं शोधत डोंगर पालथा घालायचा. हाक आली की जायचं की थांबायचं, ते त्यानं ठरवायचं. एकाच हाकेला गेला तर दरीत. गाठीला काही नव्हतं, म्हणून इंटरनेटवर लोकांकडून वर्गणी काढली.

काकांना सांगितलं तर ते हसायला लागले. "जत्रंला काढत्यात तशी? आन् देव कुठाय?"

"देव न्हाई काका, खेळ हाय."

"देवाबिगर वर्गणी! लई शिकलास बाबा."

हाक मात्र मला काकांचीच हवी होती. त्यांनी हाक दिली की खालच्या ओढ्यातली गुरं माना वर करायची. एका धुकट सकाळी आम्ही कड्यापाशी गेलो. वारा लागू नये म्हणून मोबाईल घोंगडीच्या खोळीत धरला आणि म्हटलं, "एकदाच मारा."

"एकदा न्हाई मारायची."

"खेळापुरती हो."

"खेळ तुजा. त्वांड माजं हाय."

त्यांनी दोनदा मारली. मी रेकॉर्डिंग बंद केलं. खोलीवर आलो, दुसरी हाक कापली आणि पहिली चकव्याला लावली. मोबाईलमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. काकांना यातलं काही बोललो नाही. त्याच पावसाळ्यात छातीत कफ धरला आणि काका गेले. गेम त्यानंतर बाहेर आला.

सुरुवातीला वर्गणीदार तापले. हाकेला गेलं की आपण मरतो, ही प्रोग्रॅममधली चूक आहे, लवकर दुरुस्त करा, असं लिहायला लागले. मग थांबायचं असतं हे एकाला उमगलं, त्यानं आधी पडतानाचा आणि मग थांबतानाचा व्हिडिओ टाकला आणि वारं फिरलं. तो आवाज ऐकून अंगावर काटा येतो, कोण नट आहे हा, असं लोक विचारू लागले. मी छाती काढून लिहिलं, नट नाही, माझे चुलते.

तो व्हिडिओ कुणीतरी मार्गासनीत काकीला मोबाईलवर दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं काकी नसरापूरला आली. चप्पल काढून दारातच उभी राहिली.

"ह्यांच्या हाकंला ते मानूस दरीत पडलं. म्या डोळ्यानं बगितलं."

"खेळ हाय काकी. खरं कोण पडत न्हाई."

"ह्यांनी जल्मात येकदा हाक मारली न्हाई. दुसरी कुठं हाय?"

"कापली म्या."

"कापली तर कापली. ठिवली कुठं?"

तिला चहा पाजून एसटीत बसवलं आणि शोधायला लागलो. मित्राच्या जुन्या डिस्क पालथ्या घातल्या. मोबाईल घेऊन भोरला दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, पुसल्यावर त्यावर एवढं काही भरलंय, आता नाही निघायचं. काकांचा आवाज म्हणून जगात एक हाक उरली होती, आणि तीही मी चकव्याची करून ठेवलेली.

वर जाऊन काकीला खरं ते सांगितलं. ती शेण भरत होती, थांबली नाही. मग म्हणाली, "त्यांला चकवा म्हनून ठिवायचं न्हाई. दुसरी तू मार."

मित्र वैतागला. "दुसरी हाक जोडली की तो चकवा राहतो कुठं? तेवढ्यासाठीच लोक खेळतायत. वर्गणीदारांना काय तोंड दाखवू?"

"माझं नाव सांग," मी म्हटलं.

त्याच कड्यापाशी धुकं बघून गेलो. काकी सोबत आली. पहिल्यांदा घसाच फुटला. दुसऱ्यांदा आवाज निघाला, पण पलीकडं पोचला नाही. शिकवताना फळ्यापुढं बोलतात तसा वाटला.

"कालेजात ठिवून आलास व्हय आवाज?" काकी म्हणाली. हसली नाही. "आनखी मार."

घसा बसेपर्यंत मारल्या. त्यातली त्यात बरी होती ती काकांच्या हाकेला जोडली आणि नवीन आवृत्ती सोडली. दरीतली हाक आता गोठ्याकडं नेते. काही वर्गणीदारांनी लिहिलं, गेमचा जीव काढून घेतलात, जुना आवाज परत द्या. मी दिला नाही. पण जुने व्हिडिओ कोण पुसणार? त्यात काका अजून एकदाच हाक मारतात, माणसं अजून पडतात. खोलीत कुणी तो व्हिडिओ लावला तर आवाज संपल्यावर मी कामावरचा हात थांबवून बसतो, आणि मित्र माझ्याकडं न बघता खिडकी उघडतो.

मागच्या महिन्यात कुठल्याशा दूरच्या वर्गणीदाराचं पत्र आलं. तक्रार नव्हती. त्यानं लिहिलं होतं, नवीन आवृत्तीत हाका दोन ऐकू आल्या, पण दोन्ही एकाच माणसाच्या वाटल्या नाहीत. म्हणून मी गेलो नाही, धुक्यात तसाच उभा राहिलो.

काकी अधूनमधून विचारते, "जात्यात का रं मानसं आता नीट गोठ्याकडं?"

"जात्यात," मी म्हणतो.