डाकू माशीच्या तोंडात कोण?

आमच्या ग्रुपचे किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. ग्रुप म्हणजे आम्ही तिघं. माझा उमरखेडला फोटो स्टुडिओ आहे. वंदना मॅडम मूळच्या मारेगावच्या, इथे कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. आणि गजुभाऊ एसटीत कंडक्टर. आमचा नाद एकच. गव्हाच्या दाण्याएवढ्या शिकारी माशांचे फोटो काढायचे आणि माशी कोणती, तिच्या तोंडात कोण, हे फोटोवरून ओळखायचं. ही माशी उडता किडा हवेतच धरते, टोकदार सोंड खुपसते अन् शोषून घेते. म्हणून गजुभाऊंनी नाव ठेवलं, डाकू माशी!

लोक विचारतात, "काय, आजही माशा मारून राह्यले काय?"

मॅडम म्हणतात, "मारत नाही. खुनाचा तपास करतो!"

*

ढाणकीच्या स्टँडवर गाडी गच्च भरलेली. खिडकीच्या दांडीवर डाकू येऊन बसली, तोंडात शिकार! गजुभाऊंनी मोबाइल काढला. बेल काही वाजेना. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय.

मागच्या सीटवरच्या मावशी कडाडल्या, "ओ कंडक्टर, काहून थांबले?"

"एक मिनिट मावशी, ते जेवून राह्यली!"

मावशी तणतणत उठल्या. खिडकीशी वाकून पाहिलं, निरखून पाहिलं. मग ड्रायव्हरवरच ओरडल्या, "हॉर्न बंद कर रे! उडून जाईन न ते!"

फोटो आमच्या मोबाइलवर आला. तोंडातल्या किड्याच्या मिशा कोपरातून वाकल्यासारख्या होत्या. पंखवाली मुंगी, मॅडमनी लगेच कळवलं.

*

एकदा आमचा फोटो कीटकांच्या एका वेबसाइटवर टाकला. शिकारीचं नाव लिहिलं, फुलमाशी. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या एका तज्ज्ञांनी खाली ठोकून दिलं, "चूक. ही मधमाशी आहे. लहान गावातून फोटो टाकताना नीट अभ्यास करावा."

गजुभाऊ म्हणाले, "जाऊ द्या, डिलीट करा." मॅडम कशाला करतात! मधमाशीला चार पंख, माशीला दोन. फोटो मोठा करून दोन्ही पंखांवर बाण काढले आणि परत टाकला. उत्तर आलं, "माझा या क्षेत्रातला अनुभव फार मोठा आहे."

मॅडमनी लिहिलं, "अनुभव मोठा आहेच सर. पण पंख दोनच आहेत!"

*

मॅडमना पाहायला पाहुणे आले होते. मुलाची आई म्हणाली, "लग्नानंतर हे माशांचं बंद करावं लागंल."

मॅडमची नजर मुलाच्या खांद्यावर. तिथे डाकू बसलेली, तोंडात चिलट!

"जरा हलू नका हं," मॅडम म्हणाल्या आणि मोबाइल आणायला आत गेल्या.

नंतर आम्ही विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "मुलगा चांगला होता हो. पण हातानं हाकलली त्यानं!"

*

ढाणकीजवळच्या एका गावात सुमनकाकूंचं कपाशीचं, म्हणजे इकडच्या बोलीत पऱ्हाटीचं, शेत आहे. आमचे बरेच फोटो तिथलेच. गेल्या हंगामात फवारताना विषबाधा होऊन काकूंचे मालक शेतातच कोसळले होते, दवाखान्यातून कसेबसे वाचून आले.

एक दिवस काकूंचा फोन, "तुमची माशी इथं भिंतीवर टांगली हाये. लवकर या!"

गेलो. कीटकनाशक विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस सभा घेत होता. मागे मोठं पोस्टर, त्यावर काकूंच्याच शेतात काढलेला आमचा फोटो! खालचा भाग तेवढा कापलेला.

"ही कपाशीवरची नवी कीड," तो सांगत होता. "आजच फवारा, नाहीतर हंगाम गेला!" लोक घाबरून एकमेकांकडे पाहायला लागले.

मॅडम उभ्या राहिल्या. "फोटो आमचा आहे. माशीचं तोंड कापलंत तुम्ही." आणि मोबाइलवर मूळ फोटो उघडून पुढे दिला. माशीच्या तोंडात तुडतुडा! कपाशीच्या पानांचा रस पिणाऱ्या या किड्याची तिथे कोणाला ओळख करून द्यायची गरज नव्हती. मोबाइल हातोहात फिरला, कुजबुज वाढली.

तो माणूस चिडला. "मॅडम, तुम्ही शेतकरी आहात काय?"

मागून सुमनकाकू उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि थेट पोस्टरपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मी हावो न! शेत माहं, पऱ्हाटी माही, अन् हे माशीबी माहीच. आता बोल!"