चहाला अनुमोदन

मी अन् माझी कारभारीण शेवटचं सोबत गेलो ते जळकोटकडच्या आमच्या गावच्या दूध सोसायटीत. दूध घातलं, तसा सचिवानं किटली उचलली. हा गडी ठरावाबिगर हलायचा न्हाई. चहालासुद्धा, "सूचक मी. अनुमोदक कोण?" म्हणून थांबायचा. दुसऱ्या कुणी हो म्हटल्याबिगर कपात थेंब पडायचा न्हाई. एकाच्याच मनानं काही करायचं न्हाई, ह्या खोडीनंच सोसायटी टिकली, हे मात्र खरं.

मी म्हटलं, "घरी बायकोपुढं अनुमोदक कुठून आणतो रे?"

कारभारीण हसली. "मी हाय की, भाऊ. वता आता."

त्याच दुपारी ती बसल्या जागी गेली. सांजेला माती दिली.

सकाळी मी म्हैस पिळलीच न्हाई. आता कुणासाठी पिळायची? सोसायटीत दूध आलं न्हाई म्हणून सचिव किटली घेऊन दारात आला.

"मामा, चहा घ्यायचा. सूचक मी."

मी मान फिरवली. तो किटली तशीच धरून उभा. चहा निवला तरी वतला न्हाई. तेवढ्यात गोठ्यात म्हैस वरडली.

"मंजूर," म्हणला. माझ्या एका हातात कप दिला अन् दुसऱ्यात बादली.