श्यामरावांच्या हातचा काठ

सानगडीच्या सेवकरामला खोटं बोलताच येत नव्हतं, असं काही नाही. पाहुणे आले आणि घरात साखर नसली, की 'आमच्या घरी गोड कोणी पीतच नाही' असं तो बिनदिक्कत ठोकून द्यायचा. पण कापडाचं बोलणं निघालं की संपलं. लुगड्याची वीण सैल असेल तर तो सैलच म्हणायचा, मग ते नेसणारी विहीण का असेना. त्याची बायको विमलाबाई वैतागून म्हणायची, या माणसाला लग्नाला न्यायची सोय नाही, नवरीचं लुगडं पाहून काय बोलेल नेम नाही.

मिशी फुटायच्या वयात त्याचा बाप गेला. तेव्हा शेजारच्या श्यामरावांनी त्याला आपल्या मागावर बसवलं आणि आपल्याच चुलीपाशी जेवू घातलं. श्यामरावांचा काठ पंचक्रोशीत नावाजलेला. लाल काठ विणताना पदराच्या जवळ ते एकच पिवळा धागा उलटा घालत. गिऱ्हाइकाला दिसू नये, विणणाऱ्याला कळावं, एवढाच त्याचा हेतू. तो धागा त्यांनी दोघांनाच शिकवला. एक सेवकराम आणि दुसरा त्यांचा पोरगा केवळराम. केवळरामनं तो अर्ध्यावरच टाकला. त्याचं मन मागात कधी रमलंच नाही. उन्हाळ्यात बिडीसाठी तेंदूपत्ता तोडणं, पुढं जंगलात लाकूडतोड, आणि काम नसलं की दारू. श्यामराव गेले तसा त्यांचा मागही मोडीत निघाला.

सत्त्याहत्तर साली दिवाळीनंतर सेवकराम आणि विमलाबाई आंबागडला एका लग्नाला गेले होते. परतले तर मागच्या छपराची कवेलू काढलेली आणि पेटीतली दोन नवी कोरी लुगडी गायब. सेवकराम तडक पोलिसांकडे गेला, रपोट लिहून आला. चौथ्या दिवशी साकोलीच्या बाजारात चोर मालासकट सापडला, आणि पाहतो तर काय, तो केवळराम!

ज्यांच्या घरचं खाऊन आपण मोठे झालो, त्यांच्या लेकाला आपण आपल्या हातानं बेड्या घातल्या, हे सेवकरामला खाऊ लागलं. कोण चोर ते माहीत असतं तर त्यानं रपोट दिलाच नसता. केवळरामची बायको कौशल्या भांडायला आली नाही, रडलीही नाही. ती नुसती येऊन विमलाबाईजवळ बसली आणि बसूनच राहिली. ते फार वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी तो साकोलीच्या कोर्टात जाऊन म्हणाला, माझी तक्रार मी परत घेतो. तिथल्या कारकुनानं त्याला खालीवर पाहिलं आणि समजावलं, की बाबा, घरफोडीचा खटला सरकारचा असतो. तू रागावलास म्हणून तो सुरू झाला नाही आणि तू निवळलास म्हणून तो मिटायचा नाही. बरं, मग मी त्याला जामीन राहतो, सेवकराम म्हणाला. आता मात्र कारकुनाला हसू आवरेना. फिर्यादीच जामीन? आणि सातबारा कुठं आहे? विणकराला कुठला आलाय सातबारा! गावातल्या सातबारावाल्यांनी पाठ फिरवली, आणि केवळराम भंडाऱ्याच्या जेलात कच्चा कैदी म्हणून अडकला तो अडकलाच.

तेव्हा विमलाबाईनं वाट काढली. लुगडी आपली आहेत हे सेवकरामनंच कोर्टात सांगायचं होतं. त्यानं ती ओळखलीच नाहीत, तर केवळराम सुटणार. झालं, रोज जेवणं झाली की ती घरचं लुगडं त्याच्यापुढं धरायची आणि विचारायची, हे तुमचंच का? आणि त्यानं म्हणायचं, नक्की सांगता येत नाही साहेब. चार महिने त्यानं घोकलं. बिचारा झोपेतही तेच बडबडायचा.

एप्रिलात तारीख लागली. केवळराम आरोपीच्या कठड्यात उभा होता, अंगानं निम्मा झालेला. सरकारी वकिलानं लुगडं उलगडून दाखवलं. सेवकरामनं त्याच्याकडं धड पाहिलंही नाही. भिंतीकडं बघत म्हणाला, असंच होतं, पण हेच का ते नक्की सांगता येत नाही साहेब. विमलाबाईनं मागच्या बाकावर कौशल्याचा हात घट्ट दाबला.

इथं सगळं थांबलं असतं तर केवळराम त्याच दिवशी घरी जेवला असता. पण त्याचे वकील मधुकरराव पडले हुशार. त्यांना वाटलं, आता खिळा पक्का ठोकावा. ते उठले, लुगडं हातात घेतलं आणि म्हणाले, असली लुगडी बाजारात ढिगानं मिळतात, बरोबर ना? सेवकराम हो म्हणाला. मग त्यांनी पदराजवळचा काठ बोटानं उचलून न्यायाधीशांना दाखवला. हा बघा साहेब, इथं भलताच पिवळा धागा गेलाय. कुण्या अनाड्याच्या हातचं काम दिसतं. ज्यानं शिकवलं त्यालाच येत नसेल, तर शिकणारा काय विणणार?

सेवकरामनं ओठ दाबून धरले, विमलाबाईकडं पाहिलं, केवळरामकडं पाहिलं. आणि तोंड उघडलं.

"तो धागा चुकला नाही साहेब. तो घातला आहे. हा श्यामरावांचा काठ आहे, साऱ्या जिल्ह्यात असा काठ कोणाले येत नव्हता. त्यायनं मले शिकवला. हे लुगडं माह्याच हातचं आहे."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय करून बसलो ते. मागं कौशल्यानं तोंडाला पदर लावला. मधुकरराव काहीतरी सावरायला गेले, पण तेवढ्यात कठड्यातून केवळराम म्हणाला, "काका खरं बोलून राहिले साहेब. तो माह्या बापाचाच काठ आहे. मीच चोरलं."

न्यायाधीशांनी त्याला तिथंच थांबवलं. तुला असं कबूल करण्याची सक्ती नाही, याची शिक्षा होईल, हे त्यांनी तीनदा समजावलं. तो तिन्ही वेळा तेच म्हणाला. मग पहिलाच गुन्हा, माल परत मिळालेला, आपण होऊन दिलेली कबुली, हे सारं धरून सहा महिने सक्तमजुरी झाली. कच्च्या कैदेतले पाच महिने त्यातून वजा, म्हणजे राहिला एक महिना. शिक्षा ऐकताना केवळरामची मान खाली नव्हती. सेवकरामची होती.

तो महिनाभर विमलाबाई नवऱ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि उठून जायची. सेवकरामला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. कोणीतरी आपल्याला शिक्षा करतंय हे त्याला हवंच होतं.

मेच्या भर उन्हात तो भंडाऱ्याच्या जेलच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. केवळराम बाहेर आला, त्याला पाहून थबकला. दोघं बस स्टँडच्या दिशेनं निघाले. बरंच अंतर गेल्यावर केवळरामनं विचारलं,

"काका, तुम्ही तं नाही म्हणणार होते ना? कौशल्यानं जेलातल्या मुलाखतीत सांगतलं होतं मले."

"हो."

"मंग काहून बोलले?"

सेवकरामनं टोपी काढून घाम पुसला.

"तो वकील तुह्या बापाच्या हाताले नावं ठेवून राहिला होता रे. माह्याच्यानं आयकवलं नाही."

केवळराम थांबला. त्याचे डोळे भरून आले होते.

"माह्याच्यानं तरी कुठं आयकवलं, काका," तो म्हणाला.

सेवकरामनं त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि दोघं साकोलीच्या बसकडं चालू लागले.