आधी कोणी चढायचं

मुलगी दहा महिन्यांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा विमानाने घरी आणलं. घरी म्हणजे आधी चिखल्याला, डहाणूजवळच्या माझ्या घरी, आणि तिथून दोन दिवसांनी उधव्याला, बायकोच्या माहेरी. आमच्या दोघांच्या नोकऱ्या बंगलोरला. रेल्वेने दिवस-रात्र जाते, रांगत्या पोरीला तेवढा वेळ बर्थवर धरून कोण बसणार, म्हणून विमान.

गेटवर घोषणा झाली, लहान मुलं बरोबर असलेल्यांनी आधी यावं. आम्ही लगबगीने उठलो. लोक बाजूला सरून वाट देत होते आणि मला उगाच मान मिळाल्यासारखं वाटत होतं. आत जाऊन बसलो तेव्हा कळलं. बाकीचं विमान भरायला अर्धा तास लागला. मग उडायची परवानगी मिळेना, त्यात आणखी वीस मिनिटं. मुलीने आधी पुढच्या सीटला लाथा मारल्या, मग चष्मा ओढला, मग जो गळा काढला तो मुंबई येईपर्यंत. पुढच्या बाईंनी दोनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा त्यांनी नुसते कान झाकून घेतले. ते मला जास्त लागलं.

परत जाताना बायकोने गेटवर मला हात धरून खाली बसवलं.

"आता तू एकटा जा. बॅगा घेऊन जा, वर ठेव, जागेवर बस. आम्ही सगळ्यात शेवटी येतो."

"अगं, पण लहान मुलांना आधी सोडतात ना."

"सोडतात म्हणून गेलंच पाहिजे का? पोरीला आत डांबून लोकांना रडं ऐकवायचं, त्यापेक्षा इथे दमू दे तिला. विमान काय आपल्याला टाकून जात नाही. नाव पुकारतात."

ती उधव्याची. तिच्या घरी भात आणि नागलीची शेती, डोंगराच्या उतारावरची. कुठल्याही गोष्टीची तिला घाई नसायची, आणि कुणी घाई केली तर ती आणखी सावकाश व्हायची. मी रांगेतून आत गेलो, बॅगा ठेवल्या, खिडकीशी बसलो. सगळे बसून झाल्यावर दारातून ती आली, मुलीला पुढे धरून. दोन्ही बाजूंच्या सीटांकडे बोट दाखवत ती तिला विचारत होती, "इथे आहे का बाबा? नाही. इथे आहे का? नाही." आमच्या रांगेपाशी आल्यावर मुलीने मला पाहिलं आणि अशी ओरडली, की आजूबाजूचे चार लोक हसले. मग ती माझ्या मांडीवर आली आणि विमान उडायच्या आत झोपली.

तेव्हापासून हाच आमचा रिवाज झाला. त्यानंतर आम्ही दोनदा घरी आलो, म्हणजे आणखी चार वेळा विमानात बसलो. दर वेळी मी आधी, त्या दोघी शेवटी. चौथ्या वेळेपर्यंत मुलगी स्वतः चालत यायला लागली होती, एकेका सीटमध्ये डोकावून "बाबा?" विचारत. लोकही तिला सांगायचे, "आगे है, आगे है."

मुलगी एकोणीस महिन्यांची असताना तिची आई गेली. साधा ताप म्हणून सुरू झालं आणि सहाव्या दिवशी संपलं. त्या दिवसांबद्दल मी लिहू शकत नाही, आणि लिहिण्यासारखं मला फारसं आठवतही नाही. उधव्याहून सासूबाई आणि सासरे आले. सासऱ्यांना मी आबाच म्हणतो, ती म्हणायची तसं. बंगलोरलाच सगळं केलं. अस्थी घेऊन दोघं रेल्वेने परत गेले. निघताना आबा म्हणाले, "पोरीला घेऊन या आता. इथे कोण आहे तुम्हाला?" मी तीन आठवडे मागे राहिलो. घरातल्या तिच्या वस्तू, माझी रजा, तिच्या ऑफिसातलं सामान, असं एकेक आवरत होतो. शेजारच्या काकू दुपारी मुलीला सांभाळायच्या. मग एका सकाळचं तिकीट काढलं, माझं एक आणि मांडीवरचं एक.

गेटवर तीच घोषणा झाली. मी उठलो नाही. मुद्दाम काही ठरवलं नव्हतं, पाय सवयीने थांबले. मुलगी खुर्च्यांच्या मधून पळत होती. रांगेतल्या एका वयस्क बाईंनी मला हाक मारली, "बेटा, बच्चा है, आगे आ जाओ." मी म्हणालो, "नहीं आंटी, हम लास्ट में जाते हैं." बोलून झाल्यावर लक्षात आलं की आधी जायला आज कोणी नाही. बॅगाही माझ्याकडेच, मुलगीही माझ्याकडेच. हा रिवाज दोन माणसांचा होता. एका माणसाने तो कसा पाळायचा हे ती सांगून गेली नव्हती.

तरी मी बसून राहिलो. रांग संपली, नाव पुकारलं, तेव्हा एका खांद्याला दोन बॅगा आणि कडेवर मुलगी घेऊन उठलो. कागद तपासणाऱ्या तरुणीने माझ्या मागे पाहिलं.

"बेबी की मम्मी?"

"नहीं हैं," मी म्हणालो. तिला वाटलं, प्रवासाला नाहीत. तिने हसून मुलीचा गाल ओढला आणि आम्हाला सोडलं.

विमान पूर्ण भरलेलं. वरचे कप्पे बंद झालेले. मुलगी कडेवरून उतरायला धडपडायला लागली, म्हणून तिला खाली सोडली. ती पुढे चालू लागली, दोन्ही बाजूंना बघत. मी मागून बॅगा सावरत होतो आणि ती काय करते आहे हे मला उशिरा कळलं. ती प्रत्येक सीटमध्ये डोकावत होती. मग थांबून मागे माझ्याकडे वळून बघायची. बाबा तर मागे आहे. मग पुढे कोण बसलंय, हे तिने तिच्या परीने जुळवलं असावं, कारण तिने विचारायला सुरुवात केली, "आई?" पुढच्या सीटला, "आई?"

"चल, पुढे चल," एवढंच म्हणता आलं.

आमची जागा बाराव्या रांगेत, खिडकीची. बाकी दोन जागांवर माणसं बसलेली, खिडकीची रिकामी. मुलगी तिथे उभी राहिली. रिकाम्या सीटकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही आलो त्या दाराकडे. दार बंद करत होते.

कडेच्या सीटवरचे गृहस्थ पट्टा सोडून उठले. पन्नाशीचे असतील. माझ्या बॅगा बघून वैतागले. "बच्चे के साथ पहले आना चाहिए ना, भाई. नियम इसीलिए होता है. अभी सबको रुकना पड़ रहा है."

ते काही चुकीचं बोलत नव्हते. मागे हवाई सुंदरी खोळंबली होती, एक बॅग तीन रांगा मागे ठेवावी लागली, दुसरी पायाशी. मी "सॉरी" म्हणून आत सरकलो. मुलगी रडायला लागली. नेहमीच्या हट्टाचं रडणं नव्हतं ते. ती दाराकडे हात करून एकच शब्द म्हणत होती. मांडीवरच्या मुलाला लावायचा जादा पट्टा मला लावता येईना. तो नेहमी तिची आईच लावायची. त्या गृहस्थांनी मधल्या माणसावरून हात घालून तो लावून दिला.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "माँ को बुला रही है?"

मी मान हलवली.

"मुंबई में है?"

"नहीं. पिछले महीने गुज़र गई."

उतरताना त्यांनी सगळ्यांना थांबवून मला आधी बाहेर काढलं, मागची बॅग स्वतः आणून दिली आणि खांद्यावर हात ठेवला. मला त्यांची माफी नको होती. मी उशिरा आलो होतो हे खरंच होतं.

मुंबईला मोठा भाऊ गाडी घेऊन आला होता. हायवेने आधी उधव्याला गेलो, तलासरीवरून आत. सासूबाईंनी मुलीला घेतलं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. जेवणं झाल्यावर आबांनी विषय काढला.

"जावईबुवा, पोर इथे राहू दे. आमचं घर मोकळं झालंय."

मी भावाकडे पाहिलं. चिखल्याला माझी आई होती, वहिनी होती, दवाखाना डहाणूला, जवळ. उधव्याला या दोघांचं वय झालेलं. शेवटी मीच म्हणालो, "चिखल्याला ठेवतो, आबा. दर रविवारी इथे आणतील." सासूबाई उठून आत गेल्या. आबा म्हणाले, "तुम्ही बाप आहात. तुम्ही म्हणाल तसं." त्या वाक्यात राग नव्हता, म्हणूनच मला ते पेलवेना. आणि नोकरी बंगलोरलाच, मी स्वतः तरी कुठे जवळ राहणार होतो?

आठ दिवस चिखल्याला काढले. मुलगी वहिनीच्या मागे मागे वाडीत फिरायची, चिकूच्या करंडीत बसायची. मला वाटलं, रमली. नवव्या दिवशी ती दुपारची झोपली असताना मी निघालो. न सांगता जावं, असं सगळ्यांचं मत पडलं. आज मी तसं केलं नसतं.

मुंबईला गेटवर बसलो होतो. घोषणा झाली, लहान मुलं बरोबर असलेल्यांनी आधी यावं. मी उठलो. यावेळी आधी जायचं, त्या गृहस्थांनी सांगितलं होतं ते बरोबर आहे, असं काहीसं डोक्यात चाललं होतं. एका जोडप्यामागे जाऊन उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा तिथल्या तरुणाने मोबाइलवरचा पास पाहिला, मग माझे रिकामे हात पाहिले.

"सर, बेबी?"

मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं, खाली, पायापाशी.

"सॉरी," म्हणालो आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. मागच्या एका माणसाने ऐकू येईल असं म्हटलं, "लोग कुछ भी करते हैं आगे जाने के लिए." त्याला काय सांगणार? विमानात खिडकीकडे तोंड करून मी बंगलोरपर्यंत रडलो. तोपर्यंत मी बायकोसाठी नीट रडलोही नव्हतो.

अडीच महिने काढले. व्हिडिओ कॉलवर मुलगी सुरुवातीला फोन चाटायची, मग नुसती बघायची, मग बघेनाशी झाली. एकदा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बोलू का एक? हिचं मी सगळं करेन, शेवटपर्यंत करेन. पण ती काल तुमच्या भावाला बाबा म्हणाली."

त्याच आठवड्यात राजीनामा दिला. तलासरीच्या बाजूला एका कारखान्यात क्वालिटीचं काम मिळालं, बंगलोरच्या मानाने साधं. रोज चिखल्याहून जातो-येतो. मी परत आलो तेव्हा मुलगी पंधरा दिवस माझ्याकडे आली नाही. वहिनीच्या साडीआडून बघायची. मी तिला घ्यायला गेलो नाही, ओट्यावर बसून राहायचो. सोळाव्या दिवशी ती आली आणि माझ्या चपला पायात घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मांडीवर बसली.

आता ती चार वर्षांची आहे. शनिवारी संध्याकाळी आम्ही उधव्याला जातो आणि रविवारी परत येतो. मध्यंतरी वाडीत चिकू उतरवायचं काम चालू असताना तिने विचारलं, "आईला किती चिकू लागायचे?"

"एकही नाही," मी म्हणालो. "तिला चिकू आवडायचाच नाही. लग्न होऊन आली तेव्हा सगळे तिला आग्रह करायचे, आणि ती तोंडात धरून मागच्या दारी जाऊन थुंकायची. फक्त मला माहीत होतं."

ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "अजून सांग."

मी अजून एक सांगितलं, मग आणखी एक. मग मला काही आठवेना. चार-पाच वर्षांचा तर संसार. मी म्हणालो, "लहानपणीचं उधव्याच्या आजीला विचार. तिला जास्त माहीत आहे."

त्या शनिवारी तिने विचारलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, तिला जवळ ओढलं, आणि मला म्हणाल्या, "तुम्हीपण बसा."