बाबलींची माटोळी आणि पेजेची गोळी

गोव्यातल्या सर्वण गावच्या बाबली गावसांनी एकावन्न चतुर्थ्यांना घरची माटोळी स्वतःच्या हातांनी बांधली. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला केवणीच्या सालीच्या दोऱ्यांनी नारळ, सुपारीची घोसदार शिपटी, तोरिंजनं, चिबूड, रानातली लालबुंद कवंडळं बांधायची. बाबलींची गाठ सुटत नसे. एकदाच सुटली, आणि ते कवंडळ नेमकं आरती म्हणणाऱ्या भटजींच्या टकलावर! भटजी एक शब्द न चुकता पुढे म्हणत राहिले, हे बाबली अजून कौतुकानं सांगतात. कवंडळाबद्दल मात्र म्हणतात, "फळ पिकलां होतां. गाठ बरी होती."

तर असे हे बाबली पंचाहत्तरीनंतरच्या आषाढात अंगणात चक्कर येऊन पडले. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. मुलगा सिद्धेश म्हणाला, "बाबा, औंदा माटोळी मी बांधतां. तुमी खुर्चेर बसून सांगा."

बाबलींनी खुर्ची पायानं लांब सरकवली. दोन दिवस तिच्यावर टेकलेही नाहीत, म्हणजे उत्तर दिलंच म्हणायचं.

त्याच सुमारास कॉलेजची मुलं म्हाताऱ्यांची घरी जाऊन देखभाल शिकायला गावात येऊ लागली. सोमवारी नर्सिंगची सेजल, बुधवारी फिजिओचा गौरेश, शुक्रवारी औषधशास्त्राची ऋतिका. तिघांच्या फायली तीन. उभं राहता येईल ना, हा बाबलींचा प्रश्न मात्र तिघांना एकच, "चवथीक माटोळी बांधूंक उभो रावतलों मरे?"

सेजलनं बसवून रक्तदाब मोजला, तो ठीक निघाला. "आजोबा, आराम करा," ती म्हणाली. गौरेश म्हणाला, "आराम नको, उठबस करा." तिसऱ्या उठण्याला बाबली भिंतीला टेकले, तेव्हा त्यानं लिहिलं, पायांत ताकद कमी. ऋतिकानं छापील कागद काढला.

"नाश्त्याबरोबर गोळी?"

"एक. आरोग्य केंद्राची."

"दुपारच्या जेवणाबरोबर?"

"ना."

"रात्री?"

"ना गे बाय."

कागद भरला. बाबलींची बायको कमलाक्षी दारातून म्हणाली, "एक सांगता बस, दुसरो सांगता ऊठ. आमच्या म्हाताऱ्याक बसपाचो दिस वेगळो आनी उठपाचो दिस वेगळो लावून दिया!"

मुलांच्या शिक्षिका देवकीबाई. त्यांनी तिन्ही फायली एका टेबलावर उघडल्या आणि कपाळावर हात मारला. "यात मला तीन वेगळे म्हातारे दिसतात. उद्या तिघं एकदम जा. वही एकच न्या. आणि घड्याळाकडे बघू नका."

शनिवारी तिघं दहाला पोचली ती रेंगाळली. अकरा वाजले, म्हणजे पेजेची वेळ. पेजेच्या वेळी आलेल्या माणसाला कमलाक्षी तशीच पाठवील होय? तिनं सगळ्यांसमोर वाडगे ठेवले, मिठातली तोर, म्हणजे खारवलेली कैरी, फोडून दिली, आणि बाबलींच्या वाडग्याशेजारी एक पांढरी गोळी ठेवली.

ऋतिकाचा चमचा तोंडाशीच थांबला. "आजोबा, ही कुठली?"

"ही पेजेची. डिचोलीच्या डॉक्टरान दिली, दाब वाढलो म्हणून."

"मग मला का नाही सांगितलीत?"

"तुवें विचारली खंय? नाश्तो विचारलो, जेवण विचारलां. पेज विचारली ना."

गौरेशला हसू आवरेना. ऋतिका मात्र लालेलाल झाली. तिच्या स्वतःच्या घरीसुद्धा अकराला पेज होते. कागदावर तेवढा पेजेला रकाना नव्हता. तिनं दोन्ही पाकिटं मागून घेतली आणि शेजारी शेजारी धरली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आतलं औषध एकच. बाबली एकाच दुखण्याची एकच गोळी दोनदा घेत होते.

"पाय पूर्वीही चालत होते, दोष पायांचा नाही," गौरेश हळूच म्हणाला. "सेजल, आता मी धरतो, तू उभं करून दाब मोज."

सेजलनं आधी बसवून मोजला, मग उभं करून. आकडा धाडकन खाली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपल्या मनानं गोळी बंद करण्याचा शहाणपणा कुणी केला नाही. देवकीबाईंना फोन लावला, बाईंनी दोन्ही डॉक्टरांना. त्याच दुपारी आरोग्य केंद्रात बाबलींना तपासलं आणि पेजेची गोळी बंद झाली. पंधरवड्यात अंधारी गेली. मग गौरेशची उठबसही अंगी लागली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिघं सर्वणला आली. गौरेशनं बाबलींचं चढायचं स्टूल आधीच उचलून सिद्धेशच्या खोलीत ठेवलं होतं. चौकट दोरांनी छातीइतकी खाली घेतली.

"माटोळी वर बघून बांधतात," बाबली कुरकुरले.

"वर बघितल्यावर चक्कर आली तर गणपतीच उचलणार का तुम्हांला?" सेजल म्हणाली.

"चेडवां उलटून बोलपाक शिकलीं," असं पोरींच्या नावानं पुटपुटत त्यांनी पहिला नारळ हातात घेतला. दर अर्ध्या तासानं सेजल त्यांना खुर्चीत बसवी, दाब मोजी, मग परत उभं करी. सिद्धेश फळं पुढे करत राहिला. खुर्चीवरून सांगायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

कवंडळं शेवटी लागली. दोर ओढले, माटोळी वर गेली. बाबलींनी काठीच्या टोकानं एकेक फळ हलवून पाहिलं. कोपऱ्यातला नारळ डुलला.

"ही गाठ कोणाची?"

"माझी, आजोबा," गौरेश म्हणाला.

"खाली घे."

"सगळी माटोळी?"

"मगे! भटजी तेच आसात."

सगळी माटोळी खाली आली. बाबलींनी ती गाठ सोडली, केवणीचा दोर दोनदा फिरवून नव्यानं आवळली, आणि कुणाचा हात न धरता दोन पावलं मागं सरले.

"आतां ओढा," ते म्हणाले.