हिल्मारची गुप्त दलदल

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, स्कारविक गावात, जमिनीतून निघतात ते बटाटे, सलगम आणि तक्रारी. त्यातल्या तक्रारी तेवढ्या बारमाही. गोड म्हणावं असं एकच फळ, दलदलीतलं पिवळं मुल्ते. ऑगस्टात पिकतं, आठवड्याभरात संपतं. नाताळला ते साईत कालवून खाल्लं नाही, तर सण झाल्यासारखा वाटत नाही.

आपल्या मुल्त्यांची जागा कुणाला सांगायची नाही, ही तिथली रीत. जाळी विणणाऱ्या हिल्मारने त्या रीतीचा धर्म केला. दलदल उत्तरेला, म्हणून हा होडी आधी दक्षिणेला हाकायचा. मग वळसा घालून दलदलीपाशी आठवडाभर तंबू ठोकायचा, आणि बादलीवर जाळं पांघरून परतायचा. बायकोला, बोर्गहिल्डलाही, ताकास तूर लागू दिली नाही. एरवी घरात बसून काम, आणि तोंडाला खळ नाही. बोर्गहिल्डचा रस्सा पातळ, शेजाऱ्याचं कुंपण वाकडं, पाद्रीबुवांचं प्रवचन लांब.

बोर्गहिल्ड गेल्या वर्षी वारली. यंदा हिल्मारच्या गुडघ्यांनीही राजीनामा दिला. जागा सांगावी तर गुपित जातं, न सांगावी तर नाताळ कोरडा. बरंच कुढून शेवटी त्याने सुनेला, टुरिडला, स्वयंपाकघरात बोलावलं, खिडकी लावून घेतली आणि तिला बायबलवर हात ठेवायला लावला.

"सूनबाई, जीव गेला तरी बोलायचं नाही."

"नाही बोलणार, मामंजी."

"ते जुळे खडक माहितीयत? त्यांच्या मागे..."

"वाकड्या झाडाच्या डावीकडे. सकाळीच जाऊन आले." तिने दाराआडची बादली पुढे सरकवली. काठोकाठ पिवळी.

"कुणी फितुरी केली?"

"फितुरी कसली! सगळ्या गावाला ठाऊक आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं तुमचं."

"मग इतकी वर्षं एकानेही हात कसा लावला नाही?"

टुरिड जरा अडखळली. "सासूबाईंनी दारोदार जाऊन हात जोडले होते. म्हणाल्या, तेवढी फळं त्यांना राहू द्या. वर्षातून तेवढाच आठवडा ते घराबाहेर असतात."

हिल्मारला संताप यायला हवा होता. आला नाही.

"मग त्या आठवड्यात ती करायची काय?"

"खिडक्या उघडायच्या. दिवसभर गायच्या."

"बोर्गहिल्ड? आणि गायची?"

"फार गोड गळा होता. सगळ्या गावाने ऐकलाय, मामंजी."